तात्यांनी ॲपची चौकशी केली नाही

बसा मंडळी, बसा. पुढं सरका. मागं भिंतीला टेकलेल्यांनो, तुम्हीसुद्धा सरका – भिंत पडत नाही, कमिटीनं गेल्याच वर्षी बांधलीय. माउल्यांनो, तुमची कुजबुज संपली की सांगा, मग सुरू करतो.

संपली? बरं. तर मंडळी, ऐका. आजचा प्रश्न असा आहे – जे आपल्याला मुळातच मिळालेलं आहे त्यावर भागवावं, की बाहेरून दुसरं आणावं?

हां, लगेच माना डोलवू नका! प्रश्न अजून कळलेला नाही. बघा, देवानं माणूस पाठवला तेव्हा सगळं भरूनच पाठवला. दोन डोळे दिले, दोन कान दिले, जीभ मात्र एकच दिली – तरी आपण तिच्याकडून चौघींचं काम करून घेतो! आणि आत, अगदी मधोमध, स्वतः येऊन बसला. फुकट! आणि आपण काय म्हणतो? हे काय, हे तर सगळ्यांकडंच असतं. मग निघतो बाहेरचा शोधायला. एक बाबा पाण्यावर फुंकर मारतो, एक बाबा नारळाशी बोलतो. नारळ त्याला उत्तर देत नाही, पण आपण देतो.

आता फोनचं बघा. दुकानातून नवा फोन आणला की त्यात आधीच सगळं असतं. बोलायचं, नंबर लिहायचं, फोटो काढायचं, गजर लावायचं. पण पहिल्याच दिवशी आपलं काय सुरू होतं? बाहेरून उतरवून घ्या! आमचे पेटीमास्तर आहेत ना, त्यांच्या फोनात उजेड पाडायची बॅटरी होती, कंपनीनंच दिलेली. तरी ह्यांनी बाहेरून दुसरी बॅटरी घेतली, तिचा उजेड म्हणे निळा पडतो. आणि त्या बॅटरीनं ह्यांना विचारलं, तुमचे फोटो बघू का? मास्तर म्हणाले, बघ! अहो, बॅटरीला फोटो कशाला लागतात? मास्तर, हसू नका, सूर धरा.

आता तुम्ही म्हणाल, बुवा, म्हणजे बाहेरचं आणूच नये का? असं मी कुठं म्हणालो? उत्तर मी देत नाही. उत्तर गेनूतात्या देतील.

कोण गेनूतात्या? गेनबा ढमाले. गाव वाघजाईमाळ. धंदा म्हणाल तर सोयरिकी जुळवायचा. तीस वर्षांत दोनशेवर लग्नं जमवली माणसानं! डोक्याला पटका, काखेत पिशवी, पायात कुरकुरणाऱ्या वहाणा. वहाणा वाजल्या की ज्याच्या घरात उपवर पोरगी आहे तो चहा टाकायला सांगायचा.

आणि मंडळी, तात्यांची एक पद्धत होती. नुसतं नाव ते कधी लिहायचेच नाहीत. वहीत नाव लिहिलं की पुढं खूण. म्हणजे काय? म्हणजे त्या घराचं खरं. ‘गव्हाणे, पिंपरमळा – बारा एकर सांगतात, निघतात सात.’ ‘कदम गुरुजी – डोक्यावरचे केस विकतचे.’ ‘शेवाळे – मुलगा बरा, आई वाघीण.’ वाईट हेतू नव्हता हो! सोयरीक जुळवायची तर हे ठाऊक नको? डॉक्टर नाही का आपल्या कागदावर आपला आजार लिहीत? ती वही तात्यांच्या पिशवीत, पिशवी तात्यांच्या काखेत. काखेतून वही कधी बाहेर गेली नाही.

तात्यांना एकच लेक, कांचन. शिकलेली, गावच्या डेअरीत दुधाचं फॅट तपासायची. भेसळीचं दूध तिच्यापुढून जायचं नाही, मग ते चेअरमनच्या गोठ्यातलं का असेना! तिनं तात्यांना फोन आणून दिला. वही भिजते, फाटते, यात लिहा म्हणाली. फोनातच नंबर लिहायची सोय होती, बरोबर आलेली. तात्यांना टाइप करता येईना, तर तिनं दाखवलं – बोला, तो लिहून घेतो. तात्या खूश! अंगणात बसून आठ दिवस फोनाशी बोलत होते. दोनशे तेरा नावं. प्रत्येक नावापुढं खूण.

फोनबरोबर आलेल्या त्या वहीनं सगळं ऐकून घेतलं आणि गप्प बसली. कुणाला एक शब्द सांगितला नाही.

आता खरी गोष्ट. दोनशे घरांत मांडव घातला, पण तात्यांच्या स्वतःच्या लेकीचं जमेना! तीन स्थळं आली, पोहे खाल्ले, ‘कळवतो’ म्हणाली आणि कळवलंच नाही. पोरगी तिशीला आली. पोरीच्या मनात काय होतं? तिच्या मनात हर्षल होता. हर्षल टेकवडे, गुरांचा डॉक्टर. डेअरीत यायचा. दोन वर्षं दोघं एकमेकांना ओळखत होती, आणि त्यानं घरी स्वच्छ सांगितलं होतं, करीन तर हिच्याशी. अडलं होतं कुठं? त्याच्या बापाशी! आबा टेकवडे. मनानं वाईट नाही, पण रुसका. तीन लग्नांतून जेवता जेवता उठून गेलेला माणूस. एका ठिकाणी तर म्हणे पोळी गार वाढली म्हणून. हर्षल म्हणायचा, आबांनी मनापासून हो म्हटल्याशिवाय मी बोहल्यावर चढणार नाही, आणि कांचनचंही तेच. दोघंही जुन्या वळणाची! शेवटी आबा म्हणाले, बरं, येतो बैठकीला. चौदा तारखेला तात्यांच्या घरी सुपारी फोडायची ठरली. म्हणजे लग्न पक्कं करायचं. पोरीचा सगळा जीव त्या चौदा तारखेत अडकला होता.

आणि बरोब्बर तीन आठवडे आधी तात्यांना सुचलं!

काय झालं होतं, तात्यांना रोज तीस-चाळीस अनोळखी फोन यायचे. कुणाचा मुलगा, कुणाची भाची. फोनावर नुसता नंबर दिसायचा. उचलल्यावर अर्धा वेळ ‘कोण बोलतंय’ यातच जायचा. अडचण खरी होती बरं का, मी तात्यांना नावं ठेवत नाही. तर नलगे म्हणून दुसरा एक सोयरीक जुळवणारा होता, तो म्हणाला, अहो तात्या, फोनबरोबर आलेलं काय वापरताय, ते म्हणजे रेशनचं धान्य. ‘ओळखपाळख’ ॲप घ्या. फोन वाजला की अनोळख्याचंही नाव दाखवतं.

तात्यांनी कांचनला विचारलं. ती म्हणाली, “मला तर बरोबर आलेलं पुरतं. तुम्हाला हवंच असेल तर घ्या, पण ते काय काय मागतंय ते वाचा आणि मगच दाबा.”

तात्यांनी वाचलं का? बोला की! तुम्ही वाचता का? तो ओसरीवरचा माणूस बघा, मान खाली घालून बसलाय!

ॲप उतरलं. त्यानं विचारलं, तुमच्या फोनातली सगळी नावं बघू? खाली निळी पट्टी – परवानगी द्या. तात्यांनी दाबली. तुमचा माईक ऐकू? दाबली. तुम्ही कुठं जाता ते बघू? दाबली. अहो, त्यानं तुमची शेंडी कापू का विचारलं असतं, तरी तात्यांनी दाबली असती!

आणि मंडळी, हा माणूस कोण? ज्यानं तीस वर्षांत मुलाची चौकशी केल्याशिवाय कुणाची मुलगी दाखवली नाही, तो! मुलगा पानटपरीवर किती वेळ थांबतो, आत्याशी कसा बोलतो, मागच्या गावात नाव काय – सगळं विचारणारा! चपलांचा जोड घेताना दुकानदाराचं गाव विचारणारा! आणि घरात एक परका घेतला, त्याच्या हातात तिजोरीची किल्ली दिली, आणि तू कुणाचा रे, एवढंही विचारलं नाही.

पहिले आठ दिवस मज्जा! फोन वाजला की नाव हजर. ‘नमस्कार जगतापसाहेब’ असं तात्या आधीच म्हणायचे, समोरचा चाट पडायचा. पण तात्यांना एकदाही असं वाटलं नाही, की ही नावं येतात कुठून? अहो, तुमच्या-माझ्या फोनातूनच! जो जो परवानगी देतो त्याची अख्खी वही ते ॲप उचलून नेतं. मग तो नंबर दुसऱ्या कुणा ॲपवाल्याकडं वाजला, की त्याचं स्वतःचं लिहिलेलं मागं पडतं आणि आपण जसं लिहिलं तसं तिकडं दिसतं. आणि तात्यांनी कसं लिहिलं होतं? खुणेसकट! बाकीच्यांनी लिहिलं होतं नुसतं ‘गव्हाणे’. तात्यांचं सगळ्यांत लांब. ॲपला वाटलं, हेच पूर्ण नाव असणार!

झालं. नवव्या दिवशी गव्हाण्यांनी ट्रॅक्टरसाठी बँकेच्या साहेबाला फोन लावला. साहेबाच्या फोनवर काय आलं? ‘गव्हाणे – बारा एकर सांगतात, निघतात सात.’ कदम गुरुजींनी शाळेच्या समारंभाला पाहुणे बोलवायला फोन केला, तर पाहुणे आल्यापासून गुरुजींच्या डोळ्यांत बघेनात, सारखे वर बघायला लागले! शेवाळेबाईंनी तर कमाल केली. सुनेच्या फोनवर ‘आई वाघीण’ दिसलं, सुनेला वाटलं सासूबाई चिडतील, तर त्या म्हणाल्या, आहेच!

पण सगळे शेवाळेबाई नसतात. तात्यांना शिव्यांचे फोन यायला लागले. तात्या घामाघूम. पहिलं काय केलं? ॲप काढून टाकलं! काढून काय होतं? आपल्या फोनातून जातं, बाहेर गेलेलं कुठून परत येणार? तात्यांनी जेवण सोडलं. कांचनला सांगायची हिंमत होईना. चौदा तारीख दोन दिवसांवर. देवापुढं बसले आणि म्हणाले, आबांपर्यंत नको जाऊ दे. बस, तेवढं कर.

देवानं ऐकलं का? देव म्हणाला असेल, गेनबा, परवानगी मला विचारून दिली होतीस का?

चौदा तारीख उजाडली. आबा टेकवडे जीपमधून निघाले, बरोबर हर्षल, आबांचे साडू आणि दोन पाहुणे. वाटेत साडूंचा फोन सापडेना. आबांनी आपल्या फोनावरून त्यांना लावला. सीटखाली वाजला. साडूंनी काढला, वाचला, आणि लपवायच्या आत आबांनी तो हातातून ओढून घेतला. काय लिहिलं होतं? ‘टेकवडे आबा – रुसका. ताट वाढायच्या आधी हात जोडा.’ कुणी लिहिलं ते विचारायला नको, तात्यांच्या खुणांचा बोभाटा एव्हाना सगळीकडं झाला होता.

जीप तात्यांच्या दारात थांबली. बैठक बसली. गावातली चार वडीलधारी माणसं, मध्ये पाट, पाटावर सुपारी. आतून पोह्यांच्या बशा आल्या. आबांनी बशीला हात लावला नाही. साडूंचा फोन काढला आणि ते नाव सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं.

सगळ्यांना वाटलं, आता आबा उठणार. आबा उठलेही! अर्धे उठले आणि मंडळी, तिथंच थांबले. का? अहो, उठून गेले तर लिहिलेलं खरं ठरतं! न उठावं तर अपमान गिळावा लागतो. माणूस गुडघ्यात वाकून उभा. ना वर, ना खाली! शेवटी बसले, आणि जे बोलले ते फार वाईट बोलले.

“मी उठणार नाही. पण ढमाले, तुम्ही माझं एकट्याचंच लिहिलेलं नाही. सकाळी तुमच्या मुलीनं किती माणसं येणार म्हणून मला फोन केला होता. तेव्हा माझ्या फोनवर जे आलं ते कुणी लिहिलं हे मला जीपमध्ये कळलं. ते तिलाच वाचू द्या.”

आबांच्या फोनातही तेच ॲप, आलेल्या फोनांच्या यादीत ते नाव जसंच्या तसं. कांचन आतून आली. पदराला हात पुसले, फोन घेतला आणि वाचला. मनात नाही, मोठ्यानं.

‘कांचन, आपली. तीन नकार झालेत. वय तीस, सांगायचं सत्तावीस. रंगाचा विषय निघाला तर बदलावा.’

इथं मला दर वेळी थांबावं लागतं, मंडळी. मलाही एक मुलगी आहे.

तात्यांच्या मनात तिच्याबद्दल काही वाईट होतं का? नाही हो! जीव होता लेकीवर. पण तीस वर्षांची सवय. नाव आलं की खूण आली. गिऱ्हाइकांची नावं बोलता बोलता लेकीचंही तसंच बोलून मोकळे झाले, आणि पुढच्या नावाकडं वळले. आपण काय केलं ते त्यांना त्या क्षणापर्यंत ठाऊकसुद्धा नव्हतं.

हर्षल उठून काही बोलणार, तेवढ्यात कांचननं हातानं त्याला बसवलं. आबांना म्हणाली, “माझं वय तीसच आहे. हर्षलना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुम्हाला सत्तावीस सांगितलं ते खोटं होतं, त्याबद्दल माफी मागते.”

मग ती बापाकडं वळली. आवाज चढवला नाही. आपला फोन काढला आणि त्यांच्यापुढं धरला.

“तात्या, माझ्या फोनात तुमचं नाव बघा. नुसतं ‘तात्या’ आहे.”

तात्यांनी बघितलं. दोनशे लग्नं बोलून जमवणारा माणूस तो! डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला आणि ढसाढसा रडला. चुकलो, एवढंच म्हणाला.

पोरगी विरघळली का? लगेच नाही. भेसळ तपासणारी पोरगी आहे ती! म्हणाली, “खुणा काढा. सगळ्यांच्या. इथं बसून. मग सुपारी फोडू.”

दोनशे तेरा नावं! चार वडीलधाऱ्यांपुढं, होणाऱ्या व्याह्यापुढं, बाप एकेक खूण पुसायला बसला. दीड तास. माणसं मान लांब करून बघत होती, आपली काय होती म्हणून! पोहे गार झाले. आणि आबा टेकवडे, ज्यांनी गार पोळीसाठी लग्न सोडलं होतं, त्यांनी गार पोहे खाल्ले, निमूट. त्यांचं नाव आलं तेव्हा मात्र म्हणाले, ते हात जोडायचं राहू द्या हो, ते चांगलंय! मग जरा थांबून कांचनला हळूच विचारलं, तुझ्याकडं माझं काय लिहिलंय गं? तिनं दाखवलं. ‘हर्षलचे बाबा’. आबांनी ते दोनदा वाचलं. पाटावरची सुपारी उचलली आणि म्हणाले, अडकित्ता आणा.

शेवटचं नाव राहिलं होतं. तात्यांनी तीन नकार पुसले. वय पुसलं. रंग पुसला. ‘आपली’ या शब्दाशी आले, बोट थांबलं, लेकीकडं बघितलं. ती म्हणाली, तेवढं राहू द्या.

सुपारी फुटली.

आता म्हणाल, मग जगात गेलेल्या खुणा परत आल्या का? नाही! गव्हाण्यांचे सात एकर अजून सातच दिसतात. तात्या पुढं सहा महिने घरोघर जाऊन हात जोडत फिरले. कुणी चहा दिला, कुणी दार लावून घेतलं. ते भोगावंच लागतं.

तर मंडळी, उत्तर काय? बाहेरचं आणू नये? अहो, कांचन टेकवड्यांकडं बाहेरूनच गेली ना! तुमच्या घरातल्या सुना काय जमिनीतून उगवल्या? आणावं की! पण मुलगी आणताना जेवढी चौकशी करता त्याच्या निम्मी तरी करा. तू कुणाचा, तुला माझ्या घरातलं काय पाहिजे, आणि कशाला पाहिजे? बॅटरीनं फोटो मागितले तर हाकला. नाव दाखवणाऱ्यानं सगळी वही मागितली, तर आधी वहीत काय आहे ते आठवा. आणि बरोबर आलेलं म्हणजे सोवळं, असंही समजू नका. त्या गप्प बसणाऱ्या वहीतच तर ती घाण साठली होती. ती ॲपनं लिहिली का? कंपनीनं लिहिली? ती तात्या आपल्या तोंडानं बोलले होते!

मग आता काढा फोन. हो, आत्ता, इथं! लाजू नका. तुम्ही, खांबाशी बसलेले – बायकोचं नाव काय लिहिलंय? काकू, तुम्ही वाकून बघू नका, तुमच्या फोनात जावेचं काय आहे ते बघा! धाकट्या सूनबाई, सासूच्या नावापुढं ते तोंड वाकडं केलेलं चित्र कुणी लावलं? समजा, उद्या सकाळी हे सगळं चव्हाट्यावर आलं. कुणाच्या घरात चूल पेटेल का?

मी तुम्हाला सांगतो आणि मी काय सोवळा आहे? माझा थोरला भाऊ आहे. बांधावरून बोलणं तुटलं, सहा वर्षं झाली. माझ्या फोनात त्याचं नाव होतं ‘उचलू नये’. भावाचं नाव! हे आख्यान मी अकरा गावांत सांगितलं, लोक रडले, मला नारळ दिले, आणि खिशात ते तसंच होतं.

आज तुमच्या देवळाची पायरी चढताना पुसलं. नुसतं ‘दादा’ लिहिलं. फोन अजून केलेला नाही.

तुम्ही टाळ घ्या. मास्तर, वरचा सूर द्या. देवाचं नाव घ्या – त्यापुढं काही मागू नका, काही जोडू नका, नुसतं नाव. तुमचा गजर चालू राहू द्या, मी तेवढ्यात ओट्यावर जाऊन दादाला फोन लावून येतो.